अळणीची पहिली वाटी

रविवारी मटण शिजवायला बसले की तात्या माणसांशी बोलत नसत, पातेल्याशी बोलत. "घाई करू नगं." "सोड आता पाणी, लाजतंस कशाला?" "हां, आता कसं!" ही एकतर्फी, मायेची कुजबुज जिन्यावरून वर माझ्या खोलीत येई आणि तिच्या मागोमाग वास येत. आधी हळदीचा, कोरडा आणि उबदार. मग ठेचलेल्या आल्याचा, नाकाच्या शेंड्याला टोचणारा. आणि बऱ्याच वेळाने, मी विसरून पुस्तकात गेलेली असताना, तो तिसरा वास येई, हाडांच्या आतून सुटलेला, जड आणि गोडसर, पावलांचा आवाज न करता खोलीत येऊन बसणाऱ्या वडीलधाऱ्या माणसासारखा.

बारामतीच्या एका महाविद्यालयात मी तेव्हा तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. जळोचीत तात्यांच्या घरावर एकच खोली होती, ती मी भाड्याने घेतली होती. तिच्या एका खिडकीतून नव्या इमारतींचे करडे सांगाडे दिसत आणि दुसरीतून उसाचे शेत. संध्याकाळी वारा सुटला की उसाच्या पाचटाची सळसळ आणि सिमेंटच्या मिक्सरची घरघर एकाच वेळी ऐकू येई. खोली पाहायला गेले त्या दिवशी तात्यांनी मला दोनच प्रश्न विचारले.

"काय शिकवता?"

"कविता."

"आणि खाता काय?"

मी शाकाहारी घरात वाढले आहे, असे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे फार मोठ्या सहानुभूतीने पाहिले. "बरं, ऱ्हा," ते म्हणाले. "वास मात्र वर येणारच. त्याला भाडं न्हाय."

तात्या मूळचे कळंबचे. घर मेंढपाळांचे, वडिलांनी कळप मोडून जमीन केली आणि तात्या साखर कारखान्यात लागले. तिथे ते पॅनमन होते. म्हणजे उसाचा पाक मोठ्या बंद भांड्यात उकळत ठेवून त्यात साखरेचा दाणा धरवणारा माणूस. हे काम घड्याळाचे नाही, डोळ्याचे. पाकाचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, उजेडाकडे धरायचा आणि दाणा बसू लागला की नाही हे एका नजरेत ठरवायचे. घटका चुकली की सगळा पाक वाया. निवृत्त झाले तेव्हा तात्यांनी ती पट्टी सदऱ्याच्या खिशात घालून घरी आणली. "साऱ्या नोकरीत एवढी एकच चोरी," असे ते अभिमानाने सांगत.

त्या पट्टीवर आता मटणाच्या रसाची परीक्षा होई. शेगडीसमोर एक बुटके स्टूल, अंगात बनियन, खांद्यावर पंचा. मोबाइल ज्वारीच्या पिठाच्या डब्यात बंद, कारण तो वाजला की उकळीचे चित्त विचलित होते, असे त्यांचे ठाम मत होते. मधूनमधून ते पळीच्या टोकाने एक थेंब काचेवर सोडत, खिडकीकडे धरत, एक डोळा मिटत. मेंढीची चरबी लवकर थिजते. थेंब बघता बघता कडेने दुधाळ होई, मग मधोमध पांढरा, मेणासारखा. "दाणा धरला," ते म्हणत. त्याआधी कुणाचीही ताटे मांडायची हिंमत नव्हती.

प्रेशर कुकर त्या घरात होता, पण फक्त बटाट्यांसाठी. त्याचे मी एकदा नाव काढले.

"मॅडम," तात्या म्हणाले, "शिट्टी वाजवून पोलीस येतो. चव येत न्हाय."

अळणी म्हणजे काय, हे मला त्या घराने शिकवले. मटण हळद, आले, लसूण आणि मिठावर स्वतःच्या पाण्यात आधी शिजते, मग आधणाच्या पाण्यात. आणि काळा मसाला, भाजलेले खोबरे हे सगळे तिखट कुटुंब पातेल्यात उतरण्याआधी जो निवळ, फिकट सोनेरी रस काढून घेतात, ती अळणी. नाव अळणी, पण तिच्यात मीठ असते, किंबहुना मिठाशिवाय लपायला तिच्यात दुसरे काही नसतेच. रस्सा तिखटामागे आपले दोष झाकू शकतो. अळणी उघडी असते.

घरोघरी ती लहान मुलांना, बाळंतिणीला, आजाऱ्याला देतात. तात्यांनी या रीतीचा कायदा केला होता. घरात त्या दिवशी जो सर्वांत दुबळा, पहिली वाटी त्याची. दुबळे कोण, हे तेच ठरवत आणि त्यावर अपील नसे. एका रविवारी मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासून जिना उतरत होते. तात्यांनी पातेल्यावरून मान वर केली.

"आज पहिली वाटी मॅडमला."

"मी घेत नाही, तात्या. तुम्हाला ठाऊक आहे."

"डोळ्याखाली बघा जरा आरशात. पाटाला पाणी सोडल्यावाणी दिसतंय."

"अवो, नगं म्हणतीय तर कशाला आग्रह?" मावशी, म्हणजे त्यांची पत्नी, आतून ओरडल्या. मग बाहेर येऊन माझा चेहरा न्याहाळून म्हणाल्या, "घे बाई. खरंच वाईट दिसतीयंस."

मी ती वाटी दोन्ही हातांत धरली. वाफ आधी पापण्यांना लागली. पहिल्या घोटाला मला मांस आठवले नाही. आजारपणात कपाळावर ठेवलेला कुणाचा तरी हात आठवला. ओठ एकमेकांना अलगद चिकटले. वर पाहिले तर तात्या माझ्यावर नजर रोखून उभे होते.

"मीठ?" त्यांनी विचारले.

एवढा एकच प्रश्न ते विचारत. चांगले झाले का, आवडले का, असले प्रश्न त्यांना हलके वाटत. मीठ? मी "बरोबर आहे" म्हणाले, तसे त्यांनी समाधानाने मान हलवली, आणि मग दुसरी वाटी संपवलेल्या मावशींकडे वळून तक्रारीच्या सुरात तोच प्रश्न केला. मावशींनी उत्तर दिले नाही. रिकामी वाटी नुसती पुढे केली. तात्यांनी ती भरली.

"बघितलं?" तात्या मला म्हणाले. "लगीन झाल्यापासून विचारतोय. एकदा तोंडानं सांगितलं न्हाय हिनं. नुसती वाटी पुढं."

"बरं म्हटलं की माणूस बिघडतो," मावशी म्हणाल्या. आणि प्यायल्या.

ह्या दोघांच्या संसारात मी एवढे एकच भांडण पाहिले आणि ते कधी मिटले नाही.

नंतरच्या वर्षी मावशींच्या पोटाचे ऑपरेशन झाले. घरी आणल्यावर त्या खाईनात. चमचाभर पेज तोंडाशी नेली की मान फिरवत. गालांची हाडे वर आली, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. पोटात काही गेले नाही तर पुन्हा दाखल करावे लागेल, आणि मग काही सांगता येणार नाही, असे डॉक्टरांनी तात्यांना बाजूला घेऊन सांगितले होते. त्यातच तात्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. शेगडीजवळ जाऊ नका, असे त्यांना बजावले होते; त्याचा अर्थ त्यांनी शेगडीजवळ काळा चष्मा घालून जा, असा लावला. पण उन्हाधुळीत बाजारापर्यंत जाणे खरोखरच शक्य नव्हते. त्या रविवारी मटण आणायला मी निघाले.

"आपल्या नेहमीच्या दुकानात जा," तात्या म्हणाले. "मंडईच्या मागं. बोलाईचं मटण, अशी पाटी हाय. माझं नाव सांग, तो बरोबर देतो."

दुकान सापडले, पाटीही सापडली. पण रांग रस्त्यापर्यंत आली होती आणि दुकानदार म्हणाला, आता तासभर तरी नाही. शेजारच्या दुकानात रांग छोटी होती. मला मावशींच्या सरकणाऱ्या बांगड्या दिसत होत्या. मटण म्हणजे मटण, असे मला वाटले. मी शेजारच्या रांगेत उभी राहिले, ताजे आहे ना, असे दोनदा विचारले, आणि पिशवी घेऊन मोठ्या धन्यतेने घरी आले.

तात्यांनी मटण धुतले, शिजत लावले. डोळ्याला अजून धड दिसत नव्हते, म्हणून आले-लसूण मी वाटून दिले. ते नेहमीसारखे पातेल्याशी बोलत होते, पण आवाजात विनवणी होती. "आज तुझ्यावर हाय बघ सगळं." मग त्यांनी काचेवर थेंब घेतला. चष्मा कपाळावर सरकवून, बऱ्या डोळ्याने खिडकीकडे धरला. बराच वेळ धरला. पंचाने पट्टी पुसली, दुसरा थेंब घेतला. पुन्हा पुसली. तिसरा घेतला, आणि हुंगला. थेंब काचेवर तसाच सैल, पिवळा, चमकत राहिला. मला वाटले, डोळ्याला दिसत नसेल.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मावशींचा आवाज आला. कित्येक दिवसांनी त्या आपणहून काही बोलत होत्या.

"आवो... वास चांगला सुटलाय. भूक लागल्यावाणी वाटतंय."

तात्या उठले, कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यासमोर गेले, चष्मा काढला आणि हात न जोडता नुसते उभे राहिले. कुणाशी तरी बोलणी चालावीत, तसे. परत येऊन त्यांनी वाटी भरली. देताना त्यांचा हात इतका थरथरला की सोनेरी थेंब त्यांच्या मनगटावर ओघळले. मावशींनी वाटी घेतली, ओठांना लावली, क्षणभर थांबल्या, आणि सगळी प्यायल्या. मग वाटी पुढे केली.

"मीठ" हा प्रश्न त्या दिवशी तात्यांनी विचारला नाही. ते जेवलेही नाहीत. दाढ दुखते म्हणाले. ती दाढ मग कधी बरी झालीच नाही; ते रविवारी पूर्वीसारखेच शिजवत, सगळ्यांना वाढत, आणि स्वतः दही-भाकरी खात.

मावशी मात्र सावरल्या. अळणीनंतर पेज पचू लागली, पेजेनंतर भात. महिनाभराने त्या अंगणात बाजेवर बसून वाटाणे सोलत होत्या. तात्या डोळे दाखवायला दवाखान्यात गेले होते.

"तुला एक सांगते," मावशी म्हणाल्या. "ह्यांना कळू देऊ नगंस. त्या दिवशी तू आणलंस ते बोकडाचं व्हतं."

मला काही उमगले नाही. तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. "आमी बोलाईचं. बोलाई आमची देवी. तिचा नेम हाय, आमच्यात फक्त मेंढीचं चालतं. शेळी-बोकडाला हात लावत न्हाय. म्हणून तर त्या दुकानावर पाटी."

"मला वाटलं," मी म्हणाले, "दुकानदाराच्या आईचं नाव असेल."

मावशी हसू लागल्या, आणि पोट दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या, "आगं बया, टाके उसवशील माझे!" त्यांचे हसू ओसरेपर्यंत मी रडायला लागले होते.

"गप. माझ्या माहेरी असं झालं असतं तर पातेलं उकिरड्यावर गेलं असतं. पण मला पहिल्या घोटालाच कळलं. मेंढीची अळणी ओठाला चिकटती. ही चिकटली न्हाय."

"मग प्यालात कशाला?"

"त्यांचा हात बघितला न्हाईस? त्यांना ठाऊक व्हतं. काचेवर दिसलं असणार. माझ्या तोंडात काय तरी जावं म्हणून त्या माणसानं देवीशी वाकडं घेतलं, आणि मी तोंड फिरवू व्हय?" त्यांनी एक शेंग फोडली, पाच हिरवे दाणे टपटप ताटलीत पडले. "देवीला म्हटलं, मी जाणूनबुजून प्याले, ह्यांना काय बोलू नगं. त्यांना वाटतंय मला कळलं न्हाय. वाटू दे. त्यांना हलकं वाटत असंल."

मग त्या आणखी एक वाक्य बोलल्या, आणि तेही सांगू नकोस म्हणाल्या. मी दोन्हींचे वचन दिले.

पुढे मला इंदापूरला कायम नोकरी मिळाली. मी सामान बांधले तेव्हा तात्यांनी विचारले, "तितं अळणी कोण देणार?" आणि उत्तराची वाट न पाहता खाली निघून गेले. वर्षही झाले नसेल, मावशींचे जुने दुखणे उलटले. ह्या वेळी भूक परत आली नाही.

त्या गेल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी मी इंदापूरहून एसटीने बारामतीला आले. जळोचीच्या वळणावर रिक्षातून उतरले, तर फाटकापाशीच तो तिसरा वास माझ्याकडे चालत आला. तात्या स्टुलावर होते. पातेले तेवढेच मोठे. पहिली वाटी आता शेजारच्या बाळंतिणीकडे जाते, दुसरी समोरच्या इमारतीच्या वॉचमनकडे, असे त्यांनी सांगितले. पण ते पातेल्याशी बोलत नव्हते. मी पाहिलेल्या सगळ्या रविवारांत प्रथमच तिथे फक्त उकळीचा आवाज होता.

"दाढ अजून दुखते?" मी विचारले.

त्यांनी काचेवर थेंब घेतला, पाहिला, पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दाढ न्हाय ती. त्या रविवारी दुकानदारानं फसवलं मला. बोकडाचं दिलं. मला दिसलं, तरी मी तिला पाजलं."

"दुकानदाराने फसवलं नाही, तात्या. मी दुसऱ्या दुकानात गेले होते."

"ठाऊक हाय. पिशवीवर नाव व्हतं त्या दुकानाचं."

"मग मला कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? शाकाहारी घरची पोर. उन्हात रांगेला उभी ऱ्हायलीस. तुझी काय चूक?" त्यांनी पळी खाली ठेवली. "माझं मी देवीशी बघून घेईन. बोकड म्हणून न्हाय खुपत. तुझ्या मावशीला न सांगता तिचा नेम मोडला, ते खुपतं. तिनं विश्वासानं वाटी तोंडाला लावली. आयुष्यात एकदा फसवली मी तिला, आणि ती गेली."

पातेल्याखालची ज्योत निळी, स्थिर होती. वचन पाळावे ह्या संस्कारात मी वाढले. पण मावशींनी ते वचन घेतले होते ते तात्यांना हलके वाटावे म्हणून. माझ्यासमोर बसलेला माणूस हलका नव्हता.

"मावशींना माहीत होतं," मी म्हणाले. "पहिल्या घोटापासून."

तात्यांनी मान वर केली. मागे पातेले उतू गेले; रस ज्योतीवर सांडून चर्र आवाज झाला, जळक्या हळदीचा वास घरभर पसरला. त्यांनी वळूनही पाहिले नाही. मीच उठून गॅस बारीक केला.

"सांग," ते म्हणाले. "समदं सांग."

मी सांगितले. वाटाणे, टाके, ओठाला न चिकटलेली अळणी, थरथरणारा हात, देवीला केलेली विनंती. ते ऐकत होते तसे मी कुणाला कविता ऐकतानाही पाहिलेले नाही. शेवटी, थोडे ओशाळून त्यांनी विचारले,

"आणि... मीठ? मिठाचं काय म्हणाली का?"

तेच ते दुसरे वाक्य होते.

"म्हणाल्या, मीठ मात्र त्या दिवशी असं नेमकं पडलं होतं, की तसं कधीच पडलं नाही. पण सांगू नकोस त्यांना, चढंल."

"चढंल म्हणाली?"

"हो."

"चढलंच की," तात्या म्हणाले, आणि पंचा तोंडावर घेतला. बराच वेळ तसाच ठेवला.

मग ते उठले. फडताळातून एक वाटी काढली, पंचाने पुसली, अळणीने भरली, आणि एक थेंब काचेवर सोडून पट्टी खिडकीत ठेवली. बाळंतिणीकडे जाणारी वाटी म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी मान हलवली.

"आज पहिली वाटी माझी," ते म्हणाले.

स्टुलावर बसून, दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून ते घोट घोट प्यायले. खिडकीतून उसाची सळसळ येत होती. ठेवलेल्या काचेवरचा थेंब कडेने हळूहळू पांढरा होत होता. वाटी रिकामी झाली, तसे मी विचारले,

"मीठ?"

तात्यांनी उत्तर दिले नाही. वाटी नुसती पुढे केली.